मेडिकलच्या काउंटरवर नवं गाणं: धुळ्यातल्या साडेचार महिन्यांच्या प्रकल्प नोंदी

५ जानेवारी २०२५, रविवार

दुपारचे तीन. देवपुरात या वेळेला रस्त्यावर कुत्रंही नसतं. काउंटरवरचा पोरगा पट्ट्यांची एक्स्पायरी तपासत होता, मी उधारीची वही घेऊन बसले होते. स्पीकरवर गाणं लागलं. मान वर न करता तो म्हणाला, "ताई, काल बी हाईच व्हतं ना. परवा बी हाईच."

"चांगलं आहे की."

"चांगलं शे. मंग काय रोज भरीतच खातस का?"

रोज भरीत खाणारी माणसं मी पाहिली आहेत, हा भाग वेगळा. पण शब्द लागला. रात्री अ‍ॅपमधून महिनाभरात काय काय वाजलं ते वहीत उतरवून काढलं. आमच्याकडे सकाळी नऊपासून शटर पडेपर्यंत गाणी चालू असतात, आणि वेगवेगळी गाणी भरली फक्त ६३. त्यातलं सगळ्यात अलीकडचं गाणं मी बी. फार्म.ला असतानाचं. म्हणजे दुकानातली औषधं ताजी आणि मालकिणीचे कान केव्हाच बाद.

तेव्हा ठरवलं. अखाजी होऊन लग्नसराई उतरेपर्यंत नवी गाणी शोधायची. नवी म्हणजे काल निघालेली नव्हे, मला नवी. १९५० सालचं असलं तरी चालेल. एक वाट धरायची, तिच्यावर दोनेक आठवडे चालायचं, हाती लागलं ते लिहायचं. वही म्हणून जुनं स्टॉक रजिस्टर घेतलंय, मागची अर्धी पानं कोरी आहेत.

९ जानेवारी

पहिलीच अडचण. नवं गाणं पहिल्या वेळेला मला आवडतच नाही. दहा लावली, दहाही अर्ध्यात बंद केली. हा न्याय नव्हे हे कळत होतं.

रॉबर्ट झायन्स नावाच्या मानसशास्त्रज्ञानं १९६८ मध्ये दाखवून दिलं की एखादी गोष्ट पुन्हा पुन्हा समोर आली, एवढ्यानंही माणसाला ती आवडू लागते. त्यानं लोकांना निरर्थक शब्द दाखवले, चिनी वाटतील अशी अक्षरं दाखवली. ज्यांची ओळख जास्त वेळा झाली ती लोकांना बरी वाटली. म्हणजे एकदा ऐकून निकाल द्यायचा नाही. पण उलटंही खरं: महिनाभर लावलं तर मला गिरणीच्या पट्ट्याचा आवाजही आवडेल.

म्हणून कोर्स ठरवला. एक गाणं सकाळ-संध्याकाळ, तीन दिवस. चौथ्या दिवशी बंद. चौथ्या रात्री शटर ओढताना चाल आपणहून तोंडात आली तर पास, नाहीतर डोस थांबवायचा. पोऱ्यानं नाव ठेवलं शटर परीक्षा.

२० जानेवारी, सोमवार

पहिली वाट सगळ्यात सोपी: अ‍ॅप देईल ते ऐकायचं. दर आठवड्याला तुमच्यापुरती नवी यादी, ही कल्पना रूढ केली स्पॉटिफायनं, जुलै २०१५ पासून. दर सोमवारी ३० गाणी. आता बहुतेक अ‍ॅपांत तसलं काही ना काही असतं. मी वापरते त्यातही आहे.

हे कसं चालतं ते समजून घेतलं तेव्हा हसू आलं, कारण आमच्या धंद्यात तेच चालतं. पित्ताची गोळी नेणारा बऱ्याचदा तोंड आल्याचं जेलही नेतो. का नेतो हे मला माहीत असायची गरज नाही, हजार बिलं पाहिली की जेल कुठल्या खणात ठेवायचं ते कळतं. अ‍ॅपही बिलंच बघतं. ज्यांनी तुमची वीस गाणी ऐकली त्यांनी एकविसावं कोणतं ऐकलं, ते तुमच्यापुढे ठेवतं. गाणं स्वतः कसं आहे, किती द्रुत, किती गोंगाटाचं, तेही थोडं तपासतं, पण मुख्य आधार दुसऱ्यांच्या बिलांचा.

मग ज्या औषधाचं एकही बिल फाटलेलं नाही ते कुठल्या खणात ठेवणार? तिथं गाडी अडते.

आमची तर आणखी गंमत. घरात खातं एकच. सासूबाईंची भजनं, मुलीचे कोरियन गट, माझ्या गझला, सगळं एकाच बिलावर. आजच्या यादीत एका भजनानंतर कोरियन रॅप आला आणि त्यानंतर 'पावसाळी कॉफी' छापाचं पियानो. ३० पैकी ११ मला आधीच पाठ होती. नवी माणसं नव्हती, नेहमीच्याच पाहुण्यांचे भाऊबंद होते.

शटर परीक्षेला बसली सहा, पास एक.

२ फेब्रुवारी

वेगळं खातं काढलं. मुलीनं शिकवलेली युक्ती: काहीही 'आवडलं' म्हणून दाबायचं नाही, अजिबात माहीत नसलेलं एक गाणं शोधायचं आणि त्यावरून रेडिओ सुरू करायचा. पहिली चार-पाच गाणी खरंच अनोळखी येतात. सहाव्या-सातव्यापासून वाट हळूहळू हमरस्त्याला लागते, दहाव्याला तुम्ही परत गर्दीत. म्हणून पाचव्यावर थांबायचं आणि त्या पाचव्यावरून नवा रेडिओ लावायचा. असं उडी मारत मारत मी एका रात्रीत गझलेवरून निघून सेतार या इराणी तंतुवाद्यापर्यंत पोचले. पास दोन. ही वाट वाईट नाही, पण गुडघ्यावर फोन घेऊन बसावं लागतं, आणि काउंटरवर ते जमत नाही.

१३ फेब्रुवारी

आज जागतिक रेडिओ दिन आहे हे मला दुपारी कळलं. आठवडाभर मी रेडिओच ऐकतेय, हा योगायोग.

रेडिओ गार्डन म्हणून एक आहे. २०१६ मध्ये नेदरलँड्समध्ये झालं. स्क्रीनवर पृथ्वीचा गोल, त्यावर हिरवे ठिपके. गोल बोटानं फिरवायचा, ठिपका मध्यावर आणायचा, तिथलं स्टेशन त्या क्षणाला जे लावत असेल ते ऐकू येतं. तिथं जाहिरात चालू असेल तर जाहिरात, बातम्या चालू असतील तर बातम्या. मला तेच आवडलं. तिथं मला ओळखणारं कोणी नाही आणि माझ्या आवडीचा विचारही कोणी करत नाही.

शटर पाडून घरी गेल्यावर साडेनऊला गोल फिरवते. तेव्हा मालीत दुपारचे चार, केप व्हर्देत तीन. केप व्हर्दे म्हणजे आफ्रिकेच्या पश्चिमेला समुद्रातली दहा बेटं. तिथल्या एका स्टेशनवर आठवड्याच्या सुरुवातीला एक बाई गात होती. आवाज कसा, तर सगळी भांडी घासून झाल्यावर ओट्याला टेकून बाई बोलते तसा. घाई नाही, तक्रार नाही, पण काहीतरी आहे. भाषा कळेना. निवेदक मध्येच बोलला त्यात 'सेझारिया' एवढं पकडलं आणि शोधून काढलं. सेझारिया एव्होरा, मिंदेलो गावची, १९४१ ते २०११. अनवाणी स्टेजवर जायची. ती गायची त्या प्रकाराला मोर्ना म्हणतात. आयुष्यातली कितीतरी वर्षं गावातल्या बारमध्ये गात काढली, जगाला कळली ती पन्नाशीच्या आसपास.

सासूबाई आतून म्हणाल्या, "कोन गायी ऱ्हायनी? बरी गास."

चौथ्या दिवशी शटर ओढताना ती आलीच. पोऱ्याच्याही तोंडात आली, शब्द भलतेच.

रेडिओचा तोटा एकच. गाणं गेलं की गेलं. कान टवकारून निवेदकाकडून नाव पकडायचं. लहानपणी आकाशवाणी जळगाववर फर्माइशीच्या नावांची यादी ऐकताना असंच व्हायचं, गाव ऐकू यायचं आणि गाण्याच्या नावाच्या वेळेला नेमकी खरखर.

२३ फेब्रुवारी, रविवार

आजची वाट पाचकंदीलला. माझा वर्गमित्र तिथं मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवतो. आता कव्हरं आणि काचा विकतो, पण पंधरा वर्षांपूर्वी त्याचा खरा धंदा होता गाणी भरून देण्याचा. काचेवर पाटी असायची: 'मेमरी कार्डमध्ये गाणी भरून मिळतील'. दोन जीबीचं कार्ड, मोजके पैसे. खेड्यावरची पोरं बाजाराच्या दिवशी रांग लावायची. "नवीन काय आयेल शे?" विचारलं की तो गिऱ्हाइकाचं तोंड बघून फोल्डर निवडायचा. हळदीला लावायला कोणतं, ट्रॅक्टरवर कोणतं, हे त्याला न विचारता कळायचं.

ती हार्ड डिस्क त्यानं अजून ठेवली आहे. ५०० जीबी, वर सेलोटेप. स्वभावच तसा, लग्नाच्या पत्रिकासुद्धा टाकत नाही.

आज तीन तास बसले. एका फोल्डरचं नाव 'अहिराणी टॉप', दुसऱ्याचं 'अहिराणी टॉप नवीन', तिसऱ्याचं 'अहिराणी टॉप नवीन खरं'. उघडून बघितलं आणि कपाळावर हात मारला. गायकाच्या जागी कुठल्यातरी दुकानाचं नाव. संगीतकाराच्या जागी मोबाइल नंबर. अल्बमच्या जागी 'प्लीज कॉल'. गाण्याचं नाव 'ट्रॅक ०७'. एका हातातून दुसऱ्या हातात जाताना प्रत्येकानं आपली पाटी चिकटवली आणि गाणाऱ्याची पाटी खरवडून काढली.

त्यात एक बाई आहे. ढोलकी, कॅसिओ आणि तिचा आवाज. मागे कोंबडा आरवतो, म्हणजे रेकॉर्डिंग स्टुडिओत नाही, घरात कुठेतरी. सासरहून माहेरी निघालेल्या लेकीचं गाणं, शेवटी ती स्वतःच हसते. सहा वेळा लावलं. गाणं ओळखणाऱ्या अ‍ॅपसमोर धरलं, त्याला काही सापडलं नाही. मित्राला विचारलं. तो म्हणाला, "साक्रीकडनं आलं होतं असं वाटतं. नाहीतर शिरपूरकडनं." म्हणजे पश्चिम, नाहीतर उत्तर.

अ‍ॅपला ओळखू येत नाही याचं कारण साधं आहे. शॅझमनं ही सोय २००२ मध्ये इंग्लंडात सुरू केली, तेव्हा लोक २५८० नंबर फिरवून फोन स्पीकरसमोर धरायचे. आवाजाचा आलेख काढायचा, त्यातली ठळक शिखरं टिपायची, त्या ठिपक्यांची रांगोळी साठ्यातल्या रांगोळ्यांशी ताडून बघायची. साठ्यात रांगोळीच नसेल तर ताडणार कशाशी? शिवाय ही रांगोळी असते एका विशिष्ट रेकॉर्डिंगची. तेच गाणं तीच बाई आज पुन्हा गायली तर ठिपके बदलले.

केप व्हर्देची बाई मला दोन मिनिटांत सापडली. साक्रीची सापडत नाही. रजिस्टरात तिच्या नावापुढे रेघ मारून ठेवली आहे.

१ मार्च

मित्राच्या डिस्कबद्दल वाचायला बसले आणि पोचले सहारात.

ख्रिस्तोफर किर्कली नावाचा एक अमेरिकन उत्तर मालीतल्या किडाल गावात राहिला होता. तिथंही हेच. इंटरनेट नाही, पण प्रत्येक फोनमध्ये कार्ड, आणि ब्लूटूथनं गाणी या फोनातून त्या फोनात. त्यानं ती गोळा केली, मग उलट्या पावलानं गाणाऱ्यांना शोधत गेला. आमच्यासारखंच, फायलींवर नावं धड नाहीत. त्या शोधात त्याला नायजरमधला एम्दू मोक्तार सापडला. डावखुरा गिटारवाला. पोरवयात गिटार नव्हती म्हणून त्यानं स्वतः बनवली आणि तारा लावल्या सायकलच्या ब्रेकच्या. आज तो जगभर वाजवतो.

लावलं. पोऱ्या लगेच म्हणाला, "ताई, हाई ते बेंजो पार्टीसारखं शे." खरंच तसं आहे. एकच सूर धरून गिटार अशी धावते, की वाटतं हळदीच्या रात्री दोन वाजून गेलेत आणि वाजवणाऱ्याला आता कोणी थांबवू शकत नाही. पास. पोऱ्यानं तर रिंगटोन केली.

किर्कलीनं केलं ते साक्रीच्या बाईसाठी कोणी करायचं, हा विचार आला आणि त्या दिवशीपुरता वहीत लिहून ठेवला.

१८ मार्च

होळीला काठी गावाला जाऊन आले. अक्कलकुव्याला नणंद दिलेली आहे, तिच्याकडची मंडळी दरवर्षी जातात. सातपुड्यातली ही राजवाडी होळी, पेटते पहाटे. रात्रभर नाच.

गाणी शोधायला गेले होते खरी, पण तिथं 'गाणं' असं वेगळं काढून दाखवता येईल असं काही नव्हतंच. पायथ्याशी उभं राहिलं तर एक ढोल डावीकडून, दुसरा मागून. ढोल केवढा, तर मधल्या आकाराचं पिंप. गळ्यात अडकवलेला माणूस मागे झुकूनच चालतो. बुध्या, म्हणजे होळीत नाचायला सजलेल्या गड्यांच्या कमरेला वाळलेले भोपळे आणि घुंगरं, डोक्यावर मोरपिसांचे उंच टोप, अंगावर पांढरे ठिपके. ते उडी मारून जमिनीवर आले की घुंगरांचा एक झपकारा होतो आणि ढोलाचा ठोका त्या झपकाऱ्याच्या केसभर नंतर पडतो. केसभर. ते अंतर मी रात्रभर ऐकत होते. दोन्ही एकदम पडले असते तर नुसता गोंगाट झाला असता. एकामागून पडतात म्हणून पाय आपोआप उचलतो. माझाही उचलला, नणंदेनं बघितलं.

फोनवर रेकॉर्ड केलं. घरी येऊन लावलं तर सगळा भुगा. मोठा आवाज आला की फोन आपणहून आवाज दाबतो, मग बासरी गायब, घुंगरं गायब, ढोलाच्या जागी फाटक्या पत्र्यासारखं काहीतरी. तो केसभराचा फरक तर कुठेच नाही.

शटर परीक्षेत याला कसं बसवायचं कळेना. चौथ्या दिवशी शटर ओढलं तेव्हा काही गुणगुणले नाही, पण शटर दोन टप्प्यांत ओढलं: आधी खडखड, मग धाप. पोऱ्यानं विचारलं, कमर दुखते का.

२६ मार्च

रक्तदाबाच्या गोळ्या न्यायला महिन्याच्या शेवटी एक जिभाऊ येतात. रिटायर्ड, धोतर, खिशात दोन पेन. गोळ्या हातात पडल्या तरी गाणं संपेपर्यंत जात नाहीत. आज सी. रामचंद्रांचं एक जुनं गाणं लागलं होतं. म्हणाले, "ट्रम्पेट कोण वाजवतोय?"

मला काय माहीत.

"चिक चॉकलेट. गोव्याचा माणूस. गाणाऱ्याचं नाव सगळे विचारतात बेटा, वाजवणाऱ्याचं विचारावं. गाणारा त्याच गल्लीत फिरवतो. वाजवणारा कुठेही नेतो."

तीन महिन्यांत मला कोणी सांगितलेली ही सगळ्यात कामाची गोष्ट. जिभाऊंच्या बिलावर दहा टक्के सूट दिली, त्यांनी घेतली नाही.

चिक चॉकलेट म्हणजे अँटोनियो झेवियर वाझ, हळदोण्याचा. मुंबईच्या हॉटेलांत जॅझ वाजवायचा, त्याला मुंबईचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत. म्हणून आर्मस्ट्राँग लावला. तो १९०१ चा, न्यू ऑर्लिन्सचा. मग न्यू ऑर्लिन्स शोधलं आणि ताडकन उठून बसले. तिथं बँड रस्त्यानं वाजवत जातो. लग्नालाच काय, प्रेतयात्रेलासुद्धा. जाताना संथ, येताना नाचत, आणि बँडच्या मागे गावचे लोक छत्र्या-रुमाल उडवत चालतात. अरे, हे तर आग्रा रोडवर दर मे महिन्यात असतं! प्रेतयात्रेचं सोडा.

६ एप्रिल, रामनवमी

दहा दिवस फक्त पितळ ऐकतेय. माणूस धरून जायचं, माणूस नाही सापडला तर वाद्य धरून. ही वाट अ‍ॅपच्या वाटेहून किती तरी बरी, कारण ती देश बदलते, काळ बदलते, फक्त हातातली वस्तू बदलत नाही.

न्यू ऑर्लिन्सचा डर्टी डझन ब्रास बँड, १९७७ चा. तिथून सर्बियातलं गुचा गाव. तिथं १९६१ पासून दरवर्षी पितळी बँडांचा मेळा भरतो. आणि तिथून शेजारच्या रोमानियात, फानफारे चोकर्लिया.

यांची कहाणी मला पुरतीच आवडली. झेचे प्राझिनी नावाचं खेडं. १९९६ मध्ये हेन्री अर्न्स्ट नावाचा एक जर्मन साउंडवाला फिरत फिरत तिथं पोचला. गावातली रोमा जमातीची माणसं शेती करायची आणि लग्नांत वाजवायची. एवढंच. त्यानं त्यांना बाहेर नेलं. ती वाजवतात असं, जणू काही नवरदेव पळून चालला आहे आणि त्याला गाठायचं आहे.

पोऱ्यानं पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हातातली सिरपची बाटली पडली. फुटली नाही, प्लास्टिकची होती.

१३ एप्रिल

बँडचे मास्तर आमचे जुने गिऱ्हाईक. सीझन लागला की त्यांची माणसं व्हॅसलीन आणि खोकल्याच्या गोळ्या डब्यानं नेतात. ट्रम्पेटवाल्याचे ओठ फुटले तर सुपारी बुडते.

सकाळी त्यांच्या दुकानात गेले. पुढे शोकेसमध्ये लाल कोट, मागे अंधारात तालीम. विचारलं, मास्तर, तुम्ही नवं गाणं कसं शोधता?

"मी शोधत नाही ताई, ते माझ्याकडं येतं. नवरदेवाचे मित्र मोबाइल दाखवतात, हे वाजलंच पाहिजे. दहा जणांनी एकच दाखवलं की बसवायचं."

"सगळीच?"

"नाही. चालून बघतो." आणि त्यांनी खरंच चालून दाखवलं, दुकानातल्या दुकानात, क्लॅरिनेट तोंडाला लावून. "चार पावलांत लोकाले समजाले पाहिजे, गाणं कोणतं शे. पाचव्या पावलाले समजलं ते फेल. मंग लोके नाचतस नही, बघत ऱ्हातस."

माझ्या शटर परीक्षेला तीन दिवस लागतात. यांची चार पावलांत होते.

न्यूझीलंडमधले एक संगीत अभ्यासक, ग्रेगरी बूथ, यांनी भारतातल्या लग्नाच्या बँडवर अख्खं पुस्तक लिहिलं आहे, असं मास्तरांना सांगितलं. त्यांनी विचारलं, "त्याच्या लग्नात वाजवायचं आहे का?"

मग माझ्या फोनवरून त्यांच्या मोठ्या स्पीकरवर रोमानियावाले लावले. मास्तर आधी हसले. मग हसणं थांबलं. मग स्पीकरजवळ जाऊन बसले. पोरांना हाक मारली. डझनभर माणसं, ना कॅसिओ, ना ऑक्टोपॅड, ना गाडी. "साइड ड्रम ऐका रे," एवढंच म्हणाले. दुसऱ्यांदा लावायला लावलं, तिसऱ्यांदा लावायला लावलं. मग मला विचारलं, "कोन शेतस या?"

मी सांगितलं, रोमा लोक. भाषेचे अभ्यासक म्हणतात की यांचे पूर्वज हजारेक वर्षांपूर्वी आपल्याकडूनच, उत्तर हिंदुस्थानातून, तिकडे गेले. एक-दोन-तीनला ते येक, दुय, त्रिन म्हणतात. पाचाला पांज. पाण्याला पानी. कानाला कान.

"कानाले कान?"

"कानच."

मास्तरांनी पोरांकडे बघितलं. "या ते आपलाच लोके शेतस!" मग थोडं थांबून, "हजार वर्स व्हयनात आनि आजून लगनंच वाजाडी ऱ्हायनात?"

निघताना म्हणाले, पेन ड्राइव्हवर भरून द्या. मी पाचकंदीलला मित्राकडे जाऊन भरून आणलं. त्यानं पैसे घेतले नाहीत. म्हणाला, किती वर्षांनी कोणी गाणी भरायला आलं.

३० एप्रिल, अखाजी

ऊन असं की दुपारी शटरला हात लावला तर भाजतो. मुलगी सुट्टीला आजीकडे, झोका बांधून झाला. सासूबाई झोक्याची गाणी म्हणत होत्या, मी फोनवर रेकॉर्ड करत होते. या वेळी फोन लांब ठेवला, काठीहून एवढं तरी शिकले.

जात्यावरच्या ओव्यांसाठी हेमा राईरकर आणि गी पॉइटेव्हिन यांनी गावोगाव फिरून एक लाखाच्या वर ओव्या जमवल्या. 'परी' या संकेतस्थळावर त्या ऐकायला मिळतात, बाईच्या नावासकट, गावासकट. नावासकट, हे माझ्या लेखी मोठं. साक्रीच्या बाईची रेघ आठवली.

सासूबाईंच्या एका गाण्याची चाल ओळखीची वाटली. म्हटलं, ही कुठली चाल? त्या म्हणाल्या, "शिनेमानी." तंबूतल्या टुरिंग टॉकीजमध्ये ऐकलेली, घरी येऊन शब्द गौराईचे घातले. म्हणजे मास्तर करतात तेच, उलट्या दिशेनं. फोनवर तारीख आणि त्यांचं नाव घालून ठेवलं.

११ मे

लग्नं एवढी आहेत की वहीला वेळ नाही. ओआरएसची पाकिटं, डोकेदुखी, अपचन. शेवभाजीचा सीझन आमच्या धंद्याला चांगला. या आठवड्यात नवीन काही ऐकलं नाही. जुनी पास झालेली लावतेय, २२ झाली आहेत. गिऱ्हाइकांपैकी दोघांनी सेझारियाचं नाव चिठ्ठीवर लिहून नेलं, औषधांच्या खाली.

१८ मे, रविवार

रात्री साडेनऊची वरात, आमच्याच रस्त्यानं. मास्तरांचा बँड. शटर अर्धं ठेवून मी आणि पोऱ्या पायरीवर उभे.

नेहमीची दोन गाणी झाली. मग मास्तरांनी हात वर केला, गाडीवरचा कॅसिओ बंद झाला. साइड ड्रम सुरू झाला, एकटाच, आणि इतका जलद की घोडी बिचकली. मग ट्रम्पेट. रोमानिया! पण रोमानिया नाही. अर्ध्यावरून मास्तरांच्या क्लॅरिनेटनं वळण घेतलं आणि त्यात आपल्याकडच्या हळदीच्या गाण्याची एक ओळ मिसळून दिली, ती परत येताना पुन्हा तिकडची झाली. चौथ्या पावलाला सगळी वरात उडत होती. गाणं कोणतं हे कोणालाही माहीत नव्हतं. म्हणजे मास्तरांचा नियम मास्तरांनीच मोडला.

नवरदेवाच्या एका मित्रानं फोन वर धरला, ओळखायला. मी बघत होते. गोल फिरत राहिला, फिरत राहिला, मग काही सापडलं नाही म्हणून सांगून मोकळा झाला. त्यानं शेजारच्याला विचारलं, "हाई गाणं कोणतं शे भो?"

शेजारचा नाचत होता.

१९ मे

सकाळी साडेनऊला पहिलं गिऱ्हाईक. खोकल्याचं औषध घेतलं, पैसे दिले, उभंच राहिलं. म्हणे, ताई, काल मास्तर वाजवत होते ते तुमच्याकडे आहे असं तुमचा पोऱ्या सांगत होता.

मी लावलं. फानफारे चोकर्लिया, मूळ.

त्यानं अर्धा मिनिट ऐकलं. मान हलवली. "हाई नही. कालनं."

दुपारी मास्तरांना फोन केला. रेकॉर्डिंग कोणी केलंय का? कोणीच केलं नव्हतं, गाडीवरच्या पोरानं चालू केलं होतं पण बॅटरी गेली. म्हटलं, मग परत ऐकायचं कसं?

"बुधवारी नेरला लग्न शे," मास्तर म्हणाले. "सात वाजता या. पन सांगी ठेवस, तेच वाजी असं नही."